कात्री कुणाच्या हाती द्यावी

घर बदललं, नोकरी दुसऱ्या शहरात लागली, नाहीतर सवयीचा कारागीर गावी निघून गेला की नवं सलून शोधावं लागतं. ते आपण शोधतो कसं? घराजवळ आहे, रविवारी रांग कमी असते, एसी आहे, पैसे बेताचे घेतात. मित्र म्हणतो, ‘माझ्या माणसाकडे जा, हात मस्त आहे त्याचा.’ यातली एकही गोष्ट आपल्या केसांबद्दल नसते. मित्राचे केस बारीक आणि सरळ असतील, आपले राठ आणि कुरळे. त्याच्या डोक्यावर झकास चालणारा हात आपल्या डोक्यावरही तसाच चालेल, याची खात्री कुणी द्यायची?

कारागिराचा हात सरावाने घडतो आणि हा सराव त्याच्या खुर्चीत येऊन बसणाऱ्या डोक्यांवर होतो. कॉलेजजवळच्या सलूनमध्ये दिवसभर फेड, म्हणजे बाजू मशीनने खाली बारीक होत गेलेला कट, मारणाऱ्या पोराचा मशीनवरचा ताबा थक्क करणारा असतो. पण डोक्यावरचे केस चार बोटं लांब ठेवून नुसत्या कात्रीने आकार द्यायला सांगितला तर तो अडखळेल. पेठेतल्या जुन्या केशकर्तनालयात चाळीस वर्षं कंगव्यावर कात्री चालवणाऱ्या काकांना ते काम डोळे मिटून येईल, पण फेड म्हटल्यावर ते सोल्जर कट करून मोकळे होतील. दोघेही आपापल्या जागी कसबी आहेत. म्हणून ‘हा न्हावी चांगला आहे का’ हा प्रश्न अर्धवट आहे. आपल्या केसांसाठी आणि आपल्याला हव्या त्या कटसाठी तो चांगला आहे का, असं विचारायला हवं. त्यासाठी आधी आपले केस आपल्याला माहीत असायला हवेत. रोज ज्यातून कंगवा फिरवतो ते केस नेमके कसे आहेत, हे फार थोड्या जणांना सांगता येतं.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांचा दिसणारा भाग सगळा मृत असतो. जिवंत असतं ते कातडीखालचं मूळ, म्हणजे केशकूप. तिथे केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या पेशी कडक होत वर सरकतात आणि केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. केस सरळ येणार की वळणदार, हे केशकूपाच्या घडणीवर ठरतं. कूप सरळ असेल आणि केसाचा छेद गोलसर असेल तर केस सरळ येतो. कूप वाकलेला आणि छेद चपटा-लंबगोल असेल तर केस बाहेर पडतानाच वळण घेऊन येतो. कात्रीने हा स्वभाव बदलत नाही. डोकं भादरलं की केस दाट येतात, ही घराघरांतली समजूतही यामुळेच खोटी ठरते, कारण वस्तरा कूपापर्यंत पोचतच नाही. नव्याने वर येणाऱ्या केसाचं टोक कापलेलं, बोथट असतं, म्हणून तो हाताला राठ लागतो, इतकंच.

केसांचं वर्णन करताना आपण तीन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतो. एक जाडी, म्हणजे एकेका केसाची. दुसरी दाटी, म्हणजे तेवढ्याच जागेत किती केस आहेत ती. तिसरं वळण. केस बारीक असूनही खूप दाट असू शकतात. जाड असूनही विरळ असू शकतात. हे ओळखायला काही लागत नाही. कंगव्यात आलेला एक केस अंगठा आणि तर्जनीत धरून चोळावा. तो स्पष्ट जाणवला तर जाड, जेमतेम जाणवला तर मध्यम, हाताला लागलाच नाही तर बारीक. दाटी बघायला कोरड्या केसांत कुठेही बोट घालून भांग पाडावा आणि टाळूची रेघ किती रुंद दिसते ते पाहावं. वळण बघायचं तर केस शाम्पूने धुऊन, तेल न लावता आणि न विंचरता आपोआप सुकू द्यावेत. मग जे दिसेल ते त्यांचं खरं रूप. वर्षानुवर्षं खोबरेल चोपडून चापून बसवलेले केस मुळात लाटदार होते, हे कित्येकांना पंचविशीनंतर कळतं. केस किती पाणी शोषतो हे ओळखायला तो पाण्याच्या पेल्यात टाकून तरंगतो की बुडतो हे बघण्याचीही एक चाचणी सांगितली जाते. केसाला किती तेल लागलं आहे यावर ती इतकी अवलंबून असते की तिच्यावर विसंबू नये.

अमेरिकेत ऑप्रा विनफ्री यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात केसांची चार गटांत विभागणी मांडली: १ सरळ, २ लाटदार, ३ कुरळे, ४ घट्ट वेटोळ्यांचे. आज शहरातल्या मोठ्या सलूनमध्ये ‘टू बी’, ‘थ्री ए’ असे शब्द कानावर पडतात ते या पद्धतीतून आलेले. बोलणं सोपं व्हायला ती बरी आहे. पण तिचा मुख्य भर वळणावर आहे, आणि आपल्याकडे केस कापताना बिघडतं ते बहुतेकदा जाडी आणि दाटी न ओळखल्यामुळे.

महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त दिसणारं डोकं घ्या: काळे, जाड, दाट, सरळ किंवा किंचित लाटदार केस. वरवर हे सोपं गिऱ्हाईक. प्रत्यक्षात सरळ जाड केस एकही चूक लपवत नाहीत. कात्रीची प्रत्येक रेघ पायरीसारखी उमटते, आणि काळ्या केसांखाली उजळ टाळू असली तर मशीनची एक पट्टी कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते लांबूनही दिसतं. त्यातून कानांवरचे केस. हे केस जाड असले की डोक्यापासून आडवे बाहेर येतात. पुरेसे लांब ठेवले तर स्वतःच्या वजनाने खाली वळतात, अगदी बारीक केले तर प्रश्नच राहत नाही. अडचण मधल्या लांबीची आहे. दोन-तीन सेंटिमीटरवर सोडले की दोन्ही बाजू फुगतात आणि चेहरा रुंद दिसायला लागतो. आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय ‘मीडियम’ बरोबर याच लांबीवर येऊन थांबतो. म्हणून अशा केसांच्या माणसाने कंगवा धरून कात्री चालवणारा शांत हात शोधावा, किंवा बाजू बारीकच हव्या असतील तर रोज फेड करणारा कारागीर गाठावा. ‘थोडं थोडं सगळीकडून’ म्हणून सांगितलं की या दोन्हींच्या मधलं काहीतरी हाती येतं.

दाट केसांवर आपल्या सलूनमध्ये एक उपाय सर्रास होतो: दाते असलेली थिनिंग कात्री. नेमकी वापरली तर ती उत्तम हत्यार आहे. पण अनेक ठिकाणी ती पायऱ्या लपवायला वापरतात, आणि मुळाजवळून चालवतात. मग आत खुरटे, ताठ केसांचे खुंट तयार होतात, ते वरच्या लांब केसांना बाहेर ढकलतात आणि पंधरा दिवसांत डोकं पहिल्यापेक्षा जास्त फुगतं. गिऱ्हाईक पुन्हा येऊन म्हणतं, अजून पातळ करा. हे चक्र थांबवायचं असेल तर थिनिंग कात्री मुळाशी न लावता टोकांकडच्या भागातच वापरणारा कारागीर हवा. खुर्चीत बसून आरशात एवढं तर नक्कीच बघता येतं.

बारीक आणि विरळ केसांना नेमकं उलटं लागतं. इथे टोकांची रेघ जितकी सरळ आणि भरीव, तितके केस जास्त वाटतात. थिनिंग कात्री, वस्तऱ्याने टोकं निमुळती करणं, थरावर थर काढणं, या सगळ्याने टाळू उघडी पडते. समोरून केस मागे सरकू लागलेल्या पुरुषाला बहुधा वरचे केस वाढवून झाकण्याचा मोह होतो. अनुभवी कारागीर बाजू आखूड करून वरची लांबीही बेताची ठेवतो, कारण बाजूंची दाटी कमी झाली की वरची विरळता तितकी डोळ्यांत भरत नाही. तो हे चारचौघांत मोठ्याने न बोलता करतो, ही त्याची दुसरी परीक्षा. डोक्याच्या मागच्या बाजूला पडलेली चाई तर माणसाला स्वतःला दिसतच नाही. न्हाव्यालाच ती आधी दिसते, आणि चांगला न्हावी हळूच सांगतो की एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

सगळ्यांत जास्त अन्याय होतो तो कुरळ्या केसांवर. शाळेत त्यांना पिंजारलेले म्हणतात, घरी तेल लावून चापतात, सलूनमध्ये ‘मशीन मारून टाकू का’ असं विचारतात. खरं तर बिघाड होतो तो पाण्याच्या फवाऱ्यापासून. केसांचा आकार धरून ठेवणारे बंध मुख्यतः दोन प्रकारचे असतात. गंधकाचे बंध मजबूत असतात, ते पाण्याला दाद देत नाहीत. हायड्रोजनचे बंध मात्र पाणी लागताच सुटतात आणि सुकताना पुन्हा जुळतात. म्हणून कुरळे केस ओले केले की लांब आणि जवळजवळ सरळ दिसतात. सरळ केसांना सरावलेला कारागीर फवारा मारतो, कंगव्याने ताणतो, दोन बोटांत धरून हवी ती लांबी कापतो. घरी जाऊन केस सुकले की ताणलेली स्प्रिंग सोडावी तसे ते वर जातात, आणि प्रत्येक बट आपापल्या वळणाप्रमाणे कमी-जास्त आक्रसते. घट्ट वेटोळ्यांचे केस तर निम्म्या लांबीवरही येऊ शकतात. समोरच्या दोन बटा अचानक कपाळावर उभ्या राहतात त्या अशा. कारागिराने मोजमाप बरोबर केलेलं असतं, पण केस त्या वेळी वेगळ्या आकाराचे असतात.

यावर उपाय म्हणजे कोरडे असतानाच आकार ठरवणं. न्यूयॉर्कमध्ये लॉरेन मॅसी यांनी कुरळे केस कोरडे असताना, एकेक बट बघून कापण्याचा आग्रह धरला. २००१ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘कर्ली गर्ल’ या पुस्तकाने तो विचार जगभर पसरवला आणि आज पुण्या-मुंबईतही असं काम करणारे लोक आहेत. पण त्यासाठी महागड्या सलूनमध्येच गेलं पाहिजे असं मुळीच नाही. साध्या सलूनमध्येही कारागिराला म्हणता येतं, ‘दादा, पाणी मारू नका, आधी कोरडे बघा, कोरडेच कापा, आणि एक इंच कमी कापा, लागलं तर पुन्हा घ्या.’ यावर तो थांबून केस हातात घेऊन बघतो, की ‘तसं होत नाही’ म्हणत फवारा उचलतो, यातूनच उत्तर मिळतं. कुरळ्या केसांवर वस्तऱ्याने केलेलं काम आणि थिनिंग कात्री ही दोन्ही बहुतेक वेळा टाळावीत, कारण त्यांनी टोकं फाटल्यासारखी होतात आणि दमट हवेत केस पिसारतात. टाळूचं तेल वळणांवरून खाली उतरत नसल्याने कुरळ्या केसांची टोकं मुळातच कोरडी असतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ते जास्त फुगतात, ते हवेतला ओलावा हायड्रोजनचे बंध मोडून पुन्हा वेड्यावाकड्या जागी जुळवतो म्हणून. या केसांचा कट उन्हाळ्यात चांगला दिसला तर त्याचं फार कौतुक नको. जुलैत बघावं.

आखूड केस ठेवू इच्छिणाऱ्या बायकांची अडचण वेगळी आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. ब्युटी पार्लरमधला हात लांब केसांवर तयार झालेला असतो: यू कट, स्टेप कट, लेयर. मानेवरून बारीक उतरत जाणारा बॉयकट हे कंगव्यावरच्या कात्रीचं आणि मशीनचं काम आहे, आणि ते कसब पुरुषांच्या सलूनमध्ये रोज वापरलं जातं. तिथे बाईला अवघडल्यासारखं होतं, काही ठिकाणी सरळ नकारही मिळतो. अशा वेळी दोन्ही प्रकारचं काम करणारं युनिसेक्स सलून शोधावं आणि तिथेही पुरुषांच्या बाजूच्या कारागिराचं नाव विचारून त्याची वेळ घ्यावी. पैसे पार्लरच्या दराने लावतात की पुरुषांच्या, हेही आधीच विचारून घेतलेलं बरं. काम तेच असताना दुप्पट का द्यायचे, असं मला स्पष्ट वाटतं.

जाडी, दाटी, वळण यांच्यापलीकडे आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे केस कोणत्या दिशेने उगवतात. डोक्याच्या मागच्या बाजूला भोवरा असतो आणि बहुतेकांचा तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. काहींना दोन भोवरे असतात. दोन लग्नं होणार म्हणून घरात त्यांची चेष्टा होते. सलूनमध्ये मात्र दोन भोवरे ही खरीखुरी अडचण असते. भोवऱ्यावरचे केस फार आखूड केले की ते ताठ उभे राहतात आणि कितीही जेल लावलं तरी बसत नाहीत. तिथे आजूबाजूच्यापेक्षा जरा जास्त लांबी सोडावी लागते. कपाळावर एका बाजूला उलटं वळण असेल तर भांग त्याच्या विरुद्ध पाडून उपयोग नाही. मानेवरचे केस काहींचे वरच्या दिशेने वाढतात. तिथे धारदार चौकोनी रेघ काढली की आठवड्याभरात ती मोडते, त्यापेक्षा केस हळूहळू विरत गेलेले बरे. लंडनच्या विडाल ससून यांनी १९६० च्या दशकात केशकर्तनाचं चित्रच बदललं ते याच जाणिवेतून. पिना, रोलर आणि फवाऱ्यांनी केस उभे करण्याऐवजी केस आपोआप जसे पडतात त्याप्रमाणे त्यांनी ते कापले. धुऊन डोकं हलवलं की केस आपल्या जागी यावेत, ही त्यांची कसोटी होती. गल्लीतल्या सलूनमध्येही हीच कसोटी लावता येते. कटिंग झाल्यावर कारागिराने जेल लावायच्या आधीच केसांतून हात फिरवून बघावा.

आता कट सांगण्याबद्दल. ‘मीडियम’, ‘बारीक’, ‘नेहमीसारखं’ हे शब्द प्रत्येक सलूनमध्ये वेगळ्या लांबीचे असतात. त्यामानाने मशीनचे नंबर पक्के. विजेचं मशीन अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लिओ वॉल यांनी १९१९ च्या सुमारास बनवलं, आणि तिथल्या चालीप्रमाणे त्याच्या पट्ट्यांचे नंबर इंचाच्या आठव्या भागात मोजले जातात. १ नंबर म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १०, ४ म्हणजे १३, ८ नंबर म्हणजे पूर्ण एक इंच. इथे एक घोटाळा नेहमी होतो. घरी वापरायच्या दाढीच्या ट्रिमरवर बहुधा मिलिमीटरचे आकडे असतात. घरच्या ट्रिमरवरचा ३ आणि सलूनच्या मशीनची ३ नंबरची पट्टी यांत तिपटीहून जास्त फरक आहे. ‘तीनवर मारा’ म्हणताना कोणता तीन ते सांगावं, आणि बरोबर बसलेला नंबर लक्षात ठेवावा. शहर बदललं, देश बदलला तरी तो बरोबर येतो.

नंबर फक्त मशीनच्या भागाला. वरच्या केसांची लांबी बोटांच्या रुंदीत दाखवावी, कल्ले कानाच्या कोणत्या भागापर्यंत हवेत ते बोट ठेवून सांगावं, कान उघडे की अर्धे झाकलेले ते सांगावं. फोटो दाखवायला संकोच करू नये, पण फोटो कुणाचा ते महत्त्वाचं. नटाचा फोटो ब्लो ड्रायर, वॅक्स आणि दिव्यांच्या झोतात काढलेला असतो, आणि कधी कधी त्याच्या डोक्यावर जोडलेले केसही असतात. आपला स्वतःचा, केस छान कापले गेले होते त्या दिवसांतला, समोरून, बाजूने आणि मागून काढलेला फोटो हा सर्वांत उपयोगी नकाशा. तो काढून ठेवायची सवय फारच थोड्यांना असते.

नव्या कारागिराकडे पहिल्यांदा जाताना रविवार टाळावा. शनिवारी, जन्मवारी, अमावास्येला केस न कापण्याची चाल अजून अनेक घरांत आहे, अनेक गावांत सोमवारी सलून बंद असतं, त्यामुळे सगळी गर्दी रविवारी लोटते आणि कारागिराला मान वर करायला फुरसत नसते. आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जावं, केस आदल्या दिवशी धुतलेले, बिनतेलाचे असावेत. तेलाने चिकटलेल्या केसांवरून त्याला ना दाटी कळते ना वळण. आत गेल्यावर लगेच खुर्चीत बसू नये, बाकावर बसून दोन डोकी बघावीत. आपल्यासारखे केस असलेला कुणी उठून चालला असेल तर त्याच्या मानेकडे आणि कानांमागे नीट बघावं. सलूनच्या भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा तिथे जास्त कळतं. मोठ्या सलूनमध्ये खुर्च्या सहा आणि कारागीर सहा, तेव्हा सलूनचं नाव बघून जाणं पुरेसं नाही. कोणत्या खुर्चीवरच्या कुणाकडे, हे ठरवावं लागतं. ‘मी त्यांच्यासाठी थांबतो’ असं म्हटल्याने कुणाचा अपमान होत नाही.

मग पहिली दोन मिनिटं. चांगला कारागीर कापड बांधण्याआधी किंवा बांधता बांधता केसांतून बोटं फिरवतो, भोवरा बघतो, मान खाली घालायला लावतो, मागच्या वेळी कधी कापले ते विचारतो. रोज भांग कुठे पाडता, ऑफिसला जाताना काही लावता का, असं विचारणारा तर हाती लागला की सोडू नये. बसताच ‘मीडियम ना?’ म्हणून मशीन सुरू करणाऱ्याचा हात वाईट असेलच असं नाही, पण त्याने आपलं डोकं अजून पाहिलेलं नाही. आणि ‘हा कट तुमच्या केसांवर बसणार नाही’ असं तोंडावर सांगणारा कारागीर मला सगळ्यांत विश्वासाचा वाटतो. त्याने पुढे ‘त्याऐवजी असं करू’ हेही सांगितलं, तर शोध बहुतेक संपला.

ही निवड करता येणं ही आपल्या समाजात जुनी गोष्ट नाही. बलुतेदारीत न्हावी ठरलेला असे; धोपटी घेऊन तो घरी येई आणि सुगीला धान्याच्या रूपात बलुतं घेई. नापसंत असला तरी कुळाला तो बदलता येत नसे, आणि त्यालाही कुळ सोडता येत नसे. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं त्यांना तर न्हावीच नव्हता. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात साताऱ्याच्या बालपणाविषयी लिहिलं आहे: शहरात न्हावी होते, पैसे देण्याची ऐपत होती, पण अस्पृश्याचे केस कापायला कुणी तयार नव्हतं, म्हणून त्यांचे केस थोरली बहीण घरी कापत असे. न्हाव्याच्या नकाराची एक वेगळी, अभिमानाने सांगावी अशी गोष्टही याच मातीत घडली. १८९० मध्ये मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे त्यामागे होते. हातातल्या वस्तऱ्याने कुणाचं काय करायचं हे त्या कारागिरांनी स्वतः ठरवलं. आज बहुतेक ठिकाणी सलूनचं दार ढकलून हव्या त्या खुर्चीत बसता येतं, ते इतकी वाट चालून आल्यावर.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. मानेची रेघ वस्तऱ्याने काढायची तर नवं पातं समोर उघडायला सांगावं, कारण रक्तातून पसरणाऱ्या कावीळ बी आणि सीसारख्या आजारांचा धोका खरा आहे. मशीनची पट्टी आणि कंगवा पुसलेला, धुतलेला असावा. डोक्याचा नायटा याच वाटेने पसरतो. तुरटीचा खडा सगळ्यांच्या गालावरून फिरत असेल तर तो नको म्हणावं.

परदेशी गेलेल्या मराठी मुलांना हा सगळा प्रश्न नव्याने भेटतो. तिथल्या एखाद्या शहरात बहुतेक गिऱ्हाइकांचे केस बारीक, मऊ असतात, आणि त्यांना सरावलेला हात आपल्या जाड, काळ्या केसांवर आला की बाजू फुगलेल्या राहतात किंवा पायऱ्या दिसतात. भारतीय सलून सापडलं नाही तर चिनी, कोरियन वस्तीतलं सलून बघावं. जाड, सरळ, काळ्या केसांचा सराव त्यांना रोजचा आहे. केस कुरळे असतील तर कृष्णवर्णीयांच्या किंवा लॅटिन अमेरिकी लोकांच्या दुकानात जास्त जाणता हात मिळण्याची शक्यता असते.

कट चांगला झाला की नाही, हे सलूनच्या आरशात ठरवू नये. तिथे प्रत्येक कट ताजा असतो, जेल लावलेला असतो आणि दिवे चांगले असतात. तीन आठवड्यांनी, केस पाऊण सेंटिमीटर वाढल्यावर, तो आपला आकार धरून आहे का, ते बघावं. फेडला मात्र ही सवलत नाही. त्वचेपर्यंत उतरवलेला फेड दोन-तीन आठवड्यांत विझतो आणि पुन्हा जावंच लागतं, तेव्हा तो कट निवडताना खिशाचा आणि वेळेचाही हिशेब धरावा. कात्रीने कापलेले मध्यम केस पाच-सहा आठवडे जातात. कुरळ्या केसांचा चांगला कट दोन-तीन महिनेही टिकतो.

काही चुकलं असेल तर ते त्या कारागिराला जाऊन सांगावं: डावी बाजू फुगली, भोवऱ्यावर जास्त उडाले, कल्ले एकसारखे नाहीत. बहुतेक लोक न सांगता सलूनच बदलतात, आणि दर खेपेला नवा माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो. पहिल्या कटिंगमध्ये तर कारागीर दुसऱ्याच्या कामावर काम करत असतो. आधीच्या हाताने सोडलेल्या खुंटांतून आणि पायऱ्यांतून त्याला वाट काढावी लागते. दुसऱ्या खेपेला त्याच्यापुढे त्याचं स्वतःचं काम वाढून आलेलं असतं. त्या दुसऱ्या कटिंगनंतरही तीच चूक तिथेच दिसली, तर मग दुसरी खुर्ची शोधावी.